फाट्यावरची पाटी

समीक्षा म्हटली की आपल्याकडे कविता घेतली जाते, कथा घेतली जाते, आत्मकथने घेतली जातात. शासनाने लिहिलेला मजकूर कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. या लेखात मी रस्त्यावरची पाटी वाचायला घेतली आहे, आणि तिच्यामागे उभे असलेले नियमही. कारण अगदी साधे आहे. या देशात ज्यांच्या हाताला आयुष्यात एकही पुस्तक लागले नाही, त्यांच्याही डोळ्यांसमोरून पाटी गेलेली असते. पाटीला लेखक असतो, वाचक असतो. तिची भाषा आणि अक्षराची उंची कोणीतरी ठरवलेली असते. कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाचे गाळायचे, हा निर्णयही तिच्यात आधीच झालेला असतो. वाङ्मयाला याहून जास्त काय लागते?

माझी आजी निरक्षर होती. तालुक्याच्या बाजाराहून परत येताना स्टँडवर तिला गाडीची पाटी वाचता येत नसे, म्हणून विचारावे लागे. आणि विचारले की समोरचा माणूस उत्तर देण्याआधी आपला प्रश्न टाकी, ‘कुठल्या गावची? कुणापैकी?’ गावाचे नाव सांगून भागत नसे. गावात की गावाबाहेर, हेही सांगावे लागे. ते सांगितले की मग हात न लावता, बोट दाखवून गाडी दाखवली जाई. माझे वडील सातवीपर्यंत शिकले. ते पाटी वाचत आणि कोणालाही काही न विचारता गाडीत जाऊन बसत. या साध्या गोष्टीत केवढा फरक पडला होता हे मला फार उशिरा उमगले. रस्ता विचारणे म्हणजे आपली ओळख देणे. पाटी वाचणाऱ्याला ओळख द्यावी लागत नाही. पाटी कोणालाही ‘तू कोण’ असे विचारत नाही. सार्वजनिक या शब्दाला आपल्या समाजात काही अर्थ असेल तर तो इथून सुरू होतो. म्हणून पाटीच्या प्रश्नाकडे मी रंगरंगोटीचा किंवा वाहतुकीचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही.

अर्थात पाटीचा इतिहास या बाजूने सुरू झालेला नाही. पेशवाईत अस्पृश्याला ओळखता यावे म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकवावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. त्या काळी रस्त्यावर पाटी लावायची गरजच नव्हती, कारण माणसालाच पाटी करून टाकले होते. रस्त्याचा नियम त्याच्या अंगावर लिहिलेला होता.

मग ती पाटी माणसाच्या अंगावरून उतरून खांबावर गेली. त्रावणकोर संस्थानातल्या वैकम गावी महादेवाच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवर अशा फळ्या होत्या. मल्याळममध्ये त्यांना ‘तीण्डल पलका’ म्हणत. तीण्डल म्हणजे विटाळ, पलका म्हणजे फळी. इथून पुढे ईळवा, पुलय आदी अवर्णांनी येऊ नये, असा तिचा आशय. रस्ते सार्वजनिक होते. ख्रिस्ती आणि मुसलमान त्यांवरून जात-येत होते. ३० मार्च १९२४ रोजी कुंजप्पी, बाहुलेयन आणि गोविंद पणिक्कर असे तिघे त्या फळीच्या दिशेने चालत गेले. एक पुलय, एक ईळवा, एक नायर. पोलिसांनी अडवून प्रत्येकाची जात विचारली आणि नायराला सांगितले, तू जाऊ शकतोस. माझ्या आजीला स्टँडवर विचारला गेलेला तोच प्रश्न इथे सरकारच्या तोंडून आला आहे. सत्याग्रह वीस महिने चालला. नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोड झाली, तीन बाजूंचे रस्ते खुले झाले आणि पूर्वेकडचा तसाच राहिला. तो खुला व्हायला १९३६ ची मंदिरप्रवेशाची घोषणा यावी लागली.

या फळीचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे, की ज्यांच्यासाठी ती लिहिलेली होती त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. त्यांना वाचायला शिकवलेच गेले नव्हते. पुलयांच्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून अय्यंकाळींना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झगडावे लागले. त्याच अय्यंकाळींनी १८९३ च्या सुमारास बैलगाडी जुंपून सार्वजनिक रस्त्यावरून हाकली होती. वाचता न येणाऱ्यालाही जिचा मजकूर पाठ असला पाहिजे, अशी ही पाटी. तिचे बळ अक्षरांत नव्हते. फळीमागे उभ्या असलेल्या माणसांत होते. आजच्या पाट्या वाचताना मी ही गोष्ट विसरू शकत नाही. पाटीवर काय लिहिले आहे याच्याइतकेच तिच्यामागे कोण उभे आहे हे पाहावे लागते.

आता आजच्या नियमांकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ११६ व्या कलमाने रस्त्यावर चिन्हे उभारण्याचा अधिकार शासनाला दिला आणि ११९ व्या कलमाने ती पाळण्याचे कर्तव्य वाहन चालवणाऱ्यावर टाकले. चिन्हांचे आकार, अक्षरांची मापे, अंतर, रंग यांची संहिता इंडियन रोड्स काँग्रेसची. ती १९७७ साली आली आणि नंतर वेळोवेळी सुधारली गेली. आज्ञेला वर्तुळ, इशाऱ्याला त्रिकोण, माहितीला चौकोन. मी अभियंता नाही. पण मजकूर वाचण्याची जी थोडीफार सवय आहे तिच्या आधारे सांगतो, की या संहितेला एक नायक आहे. तो वाहनात बसलेला आहे, वेगात आहे, बाहेरगावचा आहे आणि साक्षर आहे. अक्षराची उंची त्याच्या वेगावरून ठरते. त्याला वळण दिसले पाहिजे, पुढचे शहर किती किलोमीटरवर आहे ते कळले पाहिजे. रस्त्याच्या कडेने डोक्यावर भारा घेऊन चालणारी बाई या संहितेत येते ती पादचाऱ्याच्या आकृतीपुरती, आणि तीही वाहनवाल्याला सावध करण्यासाठी. तिला स्वतःला कुठे जायचे आहे, हे पाटीला ठाऊक नसते.

आपल्या पाट्यांचे घराणे युरोपातले आहे. तिथे तासाभरात भाषा बदलते, म्हणून शब्दांऐवजी चित्रांची लिपी घडवली गेली. १९६८ चा व्हिएन्ना करार त्याच वाटेवरचा, आणि १९८० साली भारतही त्यात सामील झाला. चित्र सर्वांना कळते, त्याला जात-धर्म-भाषा नसते, असे यामागचे गृहीत. ते अर्धे खरे आहे. ब्रिटनमध्ये पन्नाशी-साठीच्या दशकांत जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी रस्त्यावरच्या पाट्यांची नव्याने रचना केली. तिथे शाळेजवळच्या जुन्या पाटीवर टोपीवाला मुलगा मुलीला हाताला धरून नेताना दाखवलेला होता. कॅल्व्हर्टबाईंना त्यात वरच्या थरातल्या शाळेची जाहिरात दिसली. त्यांनी चित्र बदलले. मुलगी पुढे आणि धाकटा मुलगा मागे. मुलीचे चित्र त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या फोटोवरून काढले. टोपी गेली, वर्ग गेला. एका रचनाकार बाईला एवढ्याशा काळ्या आकृतीत वर्गव्यवस्था दिसू शकली, हे मला आपल्याकडच्या पुष्कळ समीक्षेपेक्षा मोलाचे वाटते.

आपण मात्र चित्र घेतले आणि ती नजर घेतली नाही. ‘काम चालू आहे’ या पाटीवरचा माणूस पाहा. फावडे घेऊन तो ढिगाऱ्याशी वाकलेला आहे. एकटा, आणि पुरुष. आपल्याकडे रस्त्याचे काम ज्याने पाहिले आहे त्याला विचारा, खडी कोण वाहते? डोक्यावर घमेले आणि झाडाच्या फांदीला झोळी, हे चित्र कुठल्या पाटीवर आहे? वडार, भूमिहीन दलित, आदिवासी यांच्या घामावर रस्ता होतो, आणि रस्ता झाला की ती माणसे चित्रातूनही निघून जातात. ज्यांनी रस्ता केला त्यांच्या पालाकडे बाण दाखवणारी पाटी मी अजून पाहिलेली नाही.

चित्रलिपी निरक्षरासाठीही आहे असे म्हणायचे आणि निरक्षराला रस्त्यावर येऊच द्यायचे नाही, असाही प्रकार या देशात होऊन गेला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ८ व्या नियमाने माल आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची अट घातली होती. ट्रक हाकण्यात हयात गेलेल्या बापाच्या हाताखाली शिकलेला पोरगा परवान्याला अपात्र, का तर शाळा सुटलेली. हरियाणातल्या मेवातच्या चालकांची हीच अडचण होती आणि त्या राज्याने ती केंद्राकडे मांडली. शेवटी २०१९ साली अट काढून टाकण्यात आली. तोवर पोटाला लागलेले चिमटे कोण मोजणार? सुरक्षितता हवीच, अपघातात मरणारेही आपलेच असतात. पण वळणाचा बाण ओळखायला आठवीचा दाखला लागतो, हे ज्यांना पटले त्यांनी बाण नीट पाहिलेला नव्हता.

भाषेच्या प्रश्नावर मात्र आपल्याकडे भरपूर बोलले जाते. घटनेच्या ३४३ व्या कलमाने देवनागरीतली हिंदी संघाची राजभाषा झाली. १९७६ च्या राजभाषा नियमांनी केंद्रीय कार्यालयांच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत असाव्यात असे सांगितले, आणि त्याच नियमांच्या पहिल्याच कलमात तमिळनाडूला वगळले. लढून मिळवलेले वगळणे आहे ते. २०१७ साली वेल्लोर आणि कृष्णगिरी जिल्ह्यांत राष्ट्रीय महामार्गावरच्या मैलाच्या दगडांवरची इंग्रजी नावे पुसून हिंदी लिहिली गेली, तेव्हा तिथे लगेच विरोध उभा राहिला. रस्ता केंद्राचा, जमीन तमिळांची, मग दगड कोणाचा? हा प्रश्न तमिळ माणूस विचारू शकतो, कारण त्याच्यामागे पक्ष आहेत, सरकार आहे, अर्ध्या शतकाहून जुना लढा आहे. मुंबईच्या लोकलमधून जाताना शीव, सायन आणि इंग्रजी सायन अशी एकाच स्थानकाची तीन नावे दिसतात. वांद्रे, बांद्रा आणि पुन्हा इंग्रजी बांद्रा. एकाच लिपीत दोन भाषा आपापले नाव सोडायला तयार नाहीत. मला यात काही वाईट दिसत नाही. उलट नाव सोडू नये हेच शहाणपण आहे. प्रश्न असा, की ज्यांना एकदाही नाव मिळाले नाही त्यांचे काय?

२०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक निघाले, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात. या दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. संस्कृत आपली मातृभाषा सांगणारे होते २४,८२१. ती अनुसूचीत आहे, आणि उत्तराखंडाने २०१० साली तिला दुसरी राजभाषाही केले. मग २०२० च्या आरंभी तिथल्या रेल्वे स्थानकांवरच्या उर्दू नावांच्या जागी संस्कृत नावे लिहिण्याची गोष्ट निघाली, कारण नियमात दुसरी राजभाषा असे म्हटलेले आहे. नियम कसा चोख पाळला जातो पाहा. ज्या भाषेत फलाटावर कोणी चहा मागत नाही तिला पाटी, आणि ज्या भाषेत नंदुरबारच्या, झाबुआच्या बाजारात दिवसभर व्यवहार चालतो तिला बोली म्हणून घरी बसवायचे. भिलांच्या पाड्याचे नाव पाटीवर येते ते महसुली कागदावर कारकुनाने जसे ऐकले तसे. पाड्यातला माणूस ते वाचतो आणि आपलेच गाव आपल्याला परके वाटते. बहुभाषिकतेचे आपले सारे भांडण मोठ्यांमोठ्यांतले आहे, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावे.

मराठीही यातून सुटलेली नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये तोडला गेला आणि गावकऱ्यांनी पोलिसांचा मार खाल्ला. तेव्हा महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे पेटून उठली, ते योग्यच झाले. पण अकोला जिल्ह्यातल्या पातूरला नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिलेले होते. १९५६ पासून तिथे उर्दू वापरली जात होती. ती मात्र काहींच्या डोळ्यांत सलली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले, की २०२२ च्या मराठीविषयक कायद्याने उर्दूला बंदी होत नाही. मराठी वर होती, मोठी होती, तिला कोणी हात लावलेला नव्हता. खालच्या ओळीत दुसऱ्याचे नाव असणे एवढाच गुन्हा. येळ्ळूरचा मार ज्यांना लागला त्यांनी पातूरची पाटी का सोसू नये, हे मला कळत नाही. की कळते, पण लिहायला जड जाते?

आता मूळ मुद्द्यावर येतो. संहिता आणि कायदे पाटीची भाषा, लिपी, क्रम ठरवतात. नाव कोणी दिले हे ते विचारत नाहीत. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

उत्तर प्रदेशात सहारनपूरजवळ घडकौली नावाचे गाव आहे. तिथल्या तरुणांनी रस्त्याच्या तोंडाशी फलक लावला. ‘द ग्रेट चमार’ हे शब्द, त्याखाली बाबासाहेबांचे नाव आणि गावात आपले स्वागत. जो शब्द आजवर शिवीसारखा फेकला गेला तो त्यांनी उचलला, पुढे ‘ग्रेट’ लावला आणि हमरस्त्यावर उभा केला. २०१६ साली सवर्णांनी हरकत घेतली, फलकाला काळे फासले गेले, तणाव वाढला. भीम आर्मीचे नाव लांबवर पोहोचले ते याच प्रसंगाने. त्या फलकात एक इतिहास आहे. मोठ्या कवींना एका ओळीत जे साधत नाही ते तिथे साधले आहे. जातीचा अभिमान हे जातीअंताच्या वाटेवरचे धोंड आहे, असा आक्षेप यावर घेता येईल, आमच्यातलेच अनेकजण घेतात, आणि तो मीही पूर्णपणे खोडू शकत नाही. पण धोंड कोणी टाकली आणि तिच्यावर उभे राहून कोण बोलले, यातला भेद तरी करावा.

शासन तो भेद करत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालापाठोपाठ २१ सप्टेंबर २०२५ रोजी उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढला, की गावांच्या वेशीवरचे जातीचा गौरव करणारे फलक, वाहनांवरची जातीची नावे काढावीत. ज्या फलकांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘हे आमचे गाव’ म्हणून दरारा बसवला ते आणि घडकौलीचा फलक, एकाच आदेशात. दोघांच्याही अक्षरांत जातीचे नाव आहे, म्हणून दोघे सारखे. समतेचा हा अर्थ वैकमच्या पोलिसालाही आवडला असता.

झारखंडात खुंटीच्या भागात मुंडा आदिवासींनी २०१७-१८ मध्ये गावांच्या तोंडाशी शिळा उभारल्या. पूर्वजांच्या आठवणीसाठी शिळा रोवण्याची त्यांची रीत जुनी. या वेळी शिळांना हिरवा रंग दिला आणि त्यांवर घटनेची पाचवी अनुसूची, १९९६ च्या पेसा कायद्यातला ग्रामसभेचा अधिकार असे सारे कोरले. रस्त्यावरची पाटी, पण गावाने लिहिलेली, आणि मजकूर देशाच्या घटनेतला. त्या चळवळीत हजारो लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला. शिळांवरच्या काही दाव्यांशी मतभेद असू शकतो. परंतु शासनाने लिहिले तर माहितीफलक आणि आदिवासीने तेच लिहिले तर राजद्रोह, या व्याकरणाचा अभ्यास आमच्या विद्यापीठांतले भाषाविभाग कधी करणार आहेत? मराठवाड्यातल्या विद्यापीठाच्या दारावरचे एक नाव १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत कशासाठी अडले होते आणि त्यासाठी किती घरे जळली, हे ज्यांनी पाहिले त्यांना पाटी म्हणजे नुसता पत्रा असे कोणी सांगू नये.

आता महाराष्ट्र. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत असे ठरले. हेतू चांगला आहे आणि त्याला विरोध करण्याचे मला काही कारण नाही. पत्त्यात जात लिहावी लागणे म्हणजे काय, ते नोकरीच्या अर्जावर महारवाडा लिहिणाऱ्याला विचारा. पाकिटावरचा पत्ता वाचून पोस्टमनने आवाज बदलल्याचे मी स्वतः ऐकलेले आहे. ते नाव गेलेच पाहिजे.

पण ती यादी पुन्हा एकदा वाचा. महारवाडा आणि त्याच्या शेजारी बौद्धवाडा. महारवाडा हे नाव गावाने दिले होते. बौद्धवाडा कोणी दिले? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या आजोबांच्या पिढीने दिले. कोणत्याही शासननिर्णयाशिवाय, कोणत्याही मंत्रिमंडळाशिवाय, देव्हारे विहिरीत सोडून आलेल्या माणसांनी आपल्या वस्तीचे नाव स्वतः ठरवले. धर्मांतराचा मजकूर त्यांनी पहिल्यांदा लिहिला तो आपल्या पत्त्यात. गावाने ते नाव वर्षानुवर्षे उच्चारले नाही. तलाठ्याने लिहिले नाही. पत्रे जुन्याच नावाने येत राहिली. ते नाव गावाच्या तोंडात बसायला वीस-पंचवीस वर्षे गेली, आणि बसले तेव्हा गावाने त्याचीही जात करून टाकली, हे खरेच. ‘बौद्धवाड्यातला’ हा शब्द पारावर ज्या स्वरात उच्चारला जातो तो मी ऐकला आहे. तरीसुद्धा लादलेले नाव आणि कमावलेले नाव एकाच ओळीत, मध्ये फक्त स्वल्पविराम देऊन लिहावे, हे शासकीय गद्याचे अपयश आहे. ब्राह्मणवाडाही त्याच ओळीत आहे. त्या वाड्याला नावाचा कधी काच झाला नाही. ती यादी तयार करणाऱ्याला शब्द दिसले, शब्दांमागे उभी असलेली माणसे दिसली नाहीत.

आणि समतानगर? नाव देखणे आहे. पण समता ज्या आळीत नांदते तिला समतानगर म्हणण्याची वेळ कधी येत नाही. आता खेड्यात कोणीही समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर म्हटले की ऐकणाऱ्याला बरोबर कळते, कोणती वस्ती ते. माझ्या आजीला विचारला जाणारा प्रश्न नव्या नावाने विचारता येतो, एवढेच. नाव बदलल्याने दोन वस्त्यांमधले अंतर बदलत नाही, आणि ते अंतर संहितेच्या कोणत्याच पाटीवर किलोमीटरमध्ये लिहिलेले नसते.

आमच्या फाट्यावर माझ्या लहानपणी एकच पाटी होती. गावाचे नाव आणि उजवीकडे बाण. आमची वस्ती फाट्यापासून गावाच्याही आधी, डाव्या अंगाला. तिला पाटी नव्हती. परगावचा पाहुणा बाणाप्रमाणे गावात जाई, तिथे विचारी, आणि मग त्याला परत पाठवले जाई. सोयऱ्यांना अशा रीतीने दरवेळी गावापुढे हजेरी द्यावी लागे. सत्तरीच्या दशकात आमच्या वस्तीतल्या चार पोरांनी वर्गणी काढून पत्रा आणला. त्यांतला एक तालुक्याला पेंटरच्या हाताखाली होता. त्याने पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत ‘बौद्धवाडा’ लिहिले आणि डावीकडे बाण काढला. बाण जरा वाकडा होता. संहितेप्रमाणे ती पाटी सर्वस्वी बेकायदा. ना परवानगी, ना माप, ना ठरलेला रंग. अक्षरे मात्र लांबून दिसत. त्या दिवसापासून पाहुणे थेट घरी येऊ लागले.

पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा खांब उखडला गेला. काही वर्षे तिथे दलित वस्ती सुधार योजनेतल्या सिमेंट रस्त्याचा फलक होता. रक्कम, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख. वस्तीचे नाव त्यात नव्हते, योजनेचे होते. २०२१ मध्ये नवी पाटी आली, हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘समतानगर’, आणि बाण एकदम सरळ. ठराव ग्रामसभेत झाल्याचे कागदावर आहे. वस्तीतल्या कोणाला विचारल्याचे वस्तीत कोणाला आठवत नाही. जुना पत्रा माझ्या चुलत्याच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे. मध्ये कापून बसवला, त्यामुळे ‘बौद्ध’ एका कुडाला आणि ‘वाडा’ दुसऱ्याला. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा म्हाताऱ्याला म्हटले, दोन्ही तुकडे काढून मला दे, मी घरी नेऊन जोडतो. तो म्हणाला, पाऊस उघडू दे, शेळ्या भिजतील.